कोकरे मास्तरांची गाण्यांची कोठी

ओवी पुरी झाल्याशिवाय कोकरे मास्तर एस.टी.च्या घंटीची दोरी ओढत नसत. मी हे प्रथम पाहिले ते पैठणहून परतताना. एकादशीचे गोदास्नान आटोपून मी सकाळच्या गाडीत बसलो होतो. घरची पूजा अद्याप व्हायची होती आणि मन घड्याळाकडे लागले होते. बिडकीनच्या थांब्यावर उतरणारे उतरले, चढणारे चढले, तरी गाडी हलेना. उलट चालकाने इंजिनच बंद केले. मागे वळून पाहिले, तो शेवटच्या बाकाजवळ खाकी गणवेशातला कंडक्टर गुडघे टेकून बसलेला. समोर एक म्हातारी मांडीवरच्या नातवाला थोपटत स्वतःशीच काही गात होती, आणि कंडक्टरच्या हातात विटेएवढा टेपरेकॉर्डर होता.

मी जरा चढ्या स्वरातच विचारले, "मास्तर, गाडी का थांबली आहे?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवले. म्हातारीचा चरण संपला, तेव्हा ते उठून माझ्याजवळ आले.

"बुवा, रागावू नगा. मधीच घंटी मारली आसती तर तिचं आदुरं ऱ्हायलं आसतं. तुमी पोथीवालं दिसता. तुमाला ठावं आसंल."

मला ठाऊक होते. मंत्र अर्ध्यावर तोडू नये, हे मी आठव्या वर्षी पाठशाळेत शिकलो होतो. नातवाला थोपटणाऱ्या म्हातारीच्या ओवीलाही तोच नियम लागू आहे, एवढे मात्र मला त्या गाडीत कळले, आणि तेही एका कंडक्टरकडून.

एस.टी.च्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मी शाळेत संस्कृत शिकवीत असल्यामुळे मास्तर मीही होतो. पण ते मला 'शास्त्रीबुवा' म्हणत आणि मी त्यांना 'मास्तर'. ही वाटणी आमच्यात तीस वर्षे टिकली. त्यांचे नाव बाबूराव. घराणे मेंढ्या राखणारे. वडील आयुष्यभर कळपामागे फिरले. बाबूराव मात्र शिकले आणि एस.टी.त लागले. पैठण, फुलंब्री, खुलताबाद या मार्गांवर त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर योगायोगाने सिडकोत आम्ही शेजारी झालो. त्यांना जाऊन आता सहा वर्षे होतील. ज्यांनी त्यांना पाहिले नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

ठेंगणी, रुंद मूर्ती; आवाज मोठा, परंतु ऐकताना एकदम नाहीसा होणारा. बाकी सर्व वेळ बोलणारा हा गृहस्थ समोर कोणी गाऊ लागले की श्वाससुद्धा जपून घेई. जात्यावरच्या, पाळण्यापुढच्या, हळदीच्या ओव्या, धनगरांची गाणी, गवळणी, खुलताबादच्या उरुसातील कव्वाल्या, सारे त्यांनी टिपले. टिपण्याआधी ते फितीवर स्वतः बोलत: गाव अमुक, बाई अमुक, कुणाची लेक, कुणाची सून, आणि ऐकायला समोर कोण कोण बसले आहे. हा शेवटचा तपशील मला अनावश्यक वाटे. ते म्हणत, "आसं कसं? गानं हवेत नसतंय, शास्त्रीबुवा. कुनीतरी समोर आसतं म्हनून मानूस गातंय. त्याचं नाव नको का?"

आणि प्रत्येक गाणाऱ्याला ते एक वचन देत: "हा आवाज तुमचा हाये. तुमी नायतर तुमच्या लेकरानं कवाबी मागा, दारात आनून दीन."

एकदा मी त्यांना विचारले, हा छंद लागला कसा. ते हसले नाहीत. "माझा बाप रानात गायचा. आसा गायचा की मेंढरं चरायची थांबायची. तवा माझ्याकडं यंतर नव्हतं. आता माझ्या घरात मुलखाच्या बापांचा आवाज हाये, माझ्याच बापाचा नाय." एवढे बोलून त्यांनी चहा मागितला. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही काढला नाही.

निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे हजाराच्या वर कॅसेटी होत्या, पत्र्याच्या पेट्यांत भरलेल्या. पेट्यांनी घराची एक खोली व्यापली होती. एका पावसाळ्यानंतर त्यांनी एक पेटी उघडली आणि मला हाक मारली. फितींवर पांढरी बुरशी धरली होती. एक कॅसेट यंत्रात घातली, तर आवाज पाण्याखालून यावा तसा आला आणि फीत चिकटून थांबली. मास्तर पेटीच्या काठावर बसले. "मी लोकायला वचन दिलं, बुवा. आन वचन सडाया लागलंय."

येथून त्यांचे शोधपर्व सुरू झाले. हे सारे गाणे ठेवावे कशात आणि न्यावे कशात, या एकाच प्रश्नाने त्यांना पछाडले. साठीनंतर ते संगणक शिकले. प्रथम त्यांनी काही सीडी करून घेतल्या. दोन-तीन वर्षांत त्यांतील काहींचा चकचकीत थर सुटू लागला. "हा आरसा हाये," त्यांनी निकाल दिला, "तोंड बगायला बरा. गानं ठिवायला नाय." मग कोणी नखाएवढे कार्ड दाखवले, ज्यात म्हणे सगळे मावेल. मास्तरांनी ते तळहातावर घेऊन पाहिले. "खिशाला भोक पडलं तर फुलंब्री तालुका गेला म्हनायचा!"

औरंगपुऱ्यातील एका दुकानदाराने त्यांना समजावले की गाणी दाबून लहान केली तर जागा दसपट कमी लागते आणि कानाला फरक कळतही नाही. मी सोबत होतो. त्याने जात्यावरची एक ओवी तशी करून ऐकवली. मला खरोखर काही फरक कळला नाही. मास्तरांनी डोळे मिटून दोनदा ऐकली आणि म्हणाले, "बांगड्या कुठं हायेत?"

दुकानदार गोंधळला.

"जातं वढताना बाईच्या हातात बांगड्या वाजत व्हत्या. आवाज ठिवला, बांगड्या नेल्या. आरं, जित्या नवऱ्याच्या बाईला विधवा केली का तू?"

आम्ही मूळ फीत पुन्हा लावून ऐकली. बांगड्या होत्या, अगदी बारीक, दळण्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. मी संहितेतील स्वर-अनुस्वारांचा हट्ट धरणारा मनुष्य; पण त्या दिवशी माझ्यापेक्षा कडक पाठशुद्धी पाळणारा माणूस मी पाहिला. दाबलेले गाणे त्यांनी घेतले नाही. मोठ्या डब्या, ज्यांना हार्ड डिस्क म्हणतात, त्याच घ्यायच्या ठरल्या. साठ मिनिटांची फीत उतरवायला साठ मिनिटेच लागत. दोन वर्षे रोज सकाळी माझी पूजा झाली की मी त्यांच्याकडे जाई. ते फीत लावत आणि मी वहीत सूची लिही. काही फिती एकदाच वाजल्या आणि परत गुंडाळताना तुटल्या. एकदा का होईना वाजली, म्हणून मास्तर तिला हात जोडत.

परंतु डबी एकच असावी की अनेक, हे ठरत नव्हते. एके दिवशी बोलता बोलता मी त्यांना वेदपाठाची रीत सांगितली. संहितेनंतर पदपाठ, मग क्रमपाठ, मग जटा, मग घन. तेच शब्द पुढून, मागून, जोडीजोडीने म्हणायचे.

"उलटंसुलटं? का बरं?"

"म्हणजे कोठे चूक शिरली तर दुसऱ्या पाठात ती उघडी पडते."

"आन एकालाच शिकवत्यात?"

"छे. अनेक शिष्यांना, अनेक गावांत. एक विसरला तर दुसऱ्याने सांगावे."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "मंग झालं की! इतके वर्स सांगितलं का नाय? मी येकाच चेल्याला घोकून घेत बसलो!"

तीन डब्या झाल्या. एक त्यांच्या घरी, एक माझ्या घरी, आणि एक खुलताबादेत नसीरभाईंकडे. नसीरभाई पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करीत. मास्तरांच्या गाडीने तीस वर्षे ये-जा केलेले त्यांचे जुने स्नेही. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला तिन्ही डब्या एकत्र आणायच्या, थोडे थोडे ऐकून ताडून पाहायचे, असा नियम झाला. तिथी मी सुचवली होती. पहिल्या वर्षी आम्ही तो नियम पाळला. दुसऱ्या वर्षी मास्तरांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती, म्हणून राहून गेला.

त्याच वर्षी तुळशीची लग्ने लागल्यावर फुलंब्रीच्या पलीकडच्या एका वस्तीवरून सरूबाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, डोक्यावरून पदर. मास्तरांच्या दारात उभ्या राहूनच बोलल्या.

"मामा, वळखलं का? आनसाबाईची सरू."

"आगं, ये की आत!"

"मामा, पोरीची हळद हाये सोमवारी. घाना भरायला बाया जमतील, पर हळदीच्या ओव्या कुनालाच येत नायत आता. समद्या म्हनत्यात, मोबाईलवर काय बी लाव. माझी माय त्या ओव्या गायची. तुमी तिला म्हनला व्हता, आवाज माघारी दीन. माय तर गेली. आता मला द्या."

घाणा भरणे म्हणजे लग्नाआधी जात्याला पुजून सुवासिनींनी हळद दळणे. आणि ती मुक्याने दळायची नसते. मी सूची पाहिली. आनसाबाईची फीत तुटलेल्यांपैकी होती. जे काही होते ते डब्यांतच.

"सोमवारी सकाळी येतो," मास्तर म्हणाले. सरूबाई गेल्या, आणि त्यांनी आपली डबी संगणकाला जोडली. आतून टक् टक् असा आवाज येऊ लागला. यादी काही उघडेना. मास्तरांनी ती कानाला लावली. "दात वाजवतीय, बुवा. ताप आलाय हिला." तीन वेळा लावून पाहिली. चौथ्यांदा ती टक् टक् करायचीही थांबली.

"चिंता नसावी," मी म्हणालो. माझ्या स्वरात थोडा अभिमान होता, हे आज कबूल करतो. "माझ्याकडची जेथे आहे, तेथे तिला काही होणे शक्य नाही."

मी ती देवघरात ठेवली होती. सोवळ्यातले लाल रेशमी वस्त्र तिच्याभोवती गुंडाळून, बाणलिंगाच्या खालच्या फळीवर. ज्या घरात श्रुतीची पोथी देवांशेजारी असते, त्या घरात हाही एक शब्दसंग्रह तेथेच असावा, असे मला वाटले होते. मास्तर दारात थांबले. मी वस्त्र बाहेर काढले. ते जड लागले. श्रावणापासून प्रत्येक सोमवारी मी रुद्राभिषेक करीत आलो होतो, आणि ताम्हणातून सांडलेले पाणी फळीच्या फटीतून थेंबाथेंबाने खाली झिरपत राहिले होते. रेशीम आत ओलेच होते. डबी तिरकी केली, तर कडेने पाणी आले.

शेकडो लोकांनी विश्वासाने दिलेले आवाज मी भक्तिभावाने बुडवले होते. मी मास्तरांपुढे हात जोडले.

त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. "देवानं ऐकून घेतलं म्हना. त्याला बी कंटाळा येत आसंल रोज तेच तेच ऐकून." मग अगदी हळू: "तिसऱ्याकडं चला, बुवा. आत्ताच."

आम्ही खुलताबादची गाडी धरली. घाट चढताना मास्तर म्हणाले, "नसीरच्या घरात उंदरं लई हायेत."

नसीरभाई दुकानाच्या ओट्यावर एका पेटीचे भाते उघडून बसले होते. आम्हाला पाहताच उठले. मास्तरांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारले, "नसीर, डबी?"

"है ना. घर में है."

"कुठं ठिवली?"

"अनाज के साथ रखा हौ जी. और कां रखता?"

घरात जाऊन त्यांनी गव्हाची पत्र्याची कोठी उघडली, दंडापर्यंत हात आत घातला आणि मेणकापडात बांधलेली डबी वर काढली. तिच्यावरून गव्हाचे दाणे ओघळले. कोठीचे झाकण इतके घट्ट होते की उंदीर सोडा, वारासुद्धा आत जात नसे. वर कडुलिंबाचा पाला. डबी हाताला कोरडी आणि गार लागत होती.

मास्तर मोठ्याने हसले. डबी बंद पडल्यापासून प्रथमच. "बुवा, तुमी देवाजवळ ठिवली आन यानं पोटाजवळ."

नसीरभाईंना काय झाले ते सांगितले, तेव्हा ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "शास्त्रीजी, दिल पे मत लेओ. भिगाया तो भी पाक पानी में भिगाया ना." मला हसावे की रडावे कळेना, शेवटी मीही हसलो.

तरीही डबी चालते की नाही, हे घरी पोचल्याशिवाय कळणार नव्हते. परतीच्या गाडीत मास्तरांनी ती सदऱ्याच्या आत छातीशी धरली. जागा असूनही ते बसले नाहीत. घाट उतरेपर्यंत खांबाला पाठ लावून उभे राहिले. बाकावर हादरे जास्त बसतात म्हणाले. मी पुढच्या बाकावर मनातल्या मनात जप करीत होतो. खरे सांगायचे तर इतक्या एकाग्रतेने तो पूर्वी फारसा झाला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलही काढली नाही. तार जोडली. डबी आत हळूच फिरू लागली आणि पडद्यावर यादी उलगडली, गावामागून गाव. मी सूचीतला क्रमांक सांगितला. प्रथम मास्तरांचाच तरुण आवाज आला: बाई आनसाबाई, समोर बसलेली तिची लेक सरू, वय बारा. मग जात्याची घरघर, आणि त्यातून वर येणारा आनसाबाईचा सूर. मास्तरांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी उठलो, आणि माझ्या नकळत संगणकासमोर मस्तक टेकवले.

त्या रविवारी दुकानातून नव्या डब्या आल्या. तीन नव्हे, या वेळी मास्तरांनी पाच आणल्या. पुढे वाढत वाढत त्या अकरा झाल्या, अकरा घरांत गेल्या, आणि दर अक्षय्य तृतीयेला त्या अकरांचा मेळा भरू लागला. एकाही घरी त्या देवघरात नाहीत, याची खात्री मी जातीने करतो.

पण सांगायचे आहे ते सोमवारचे. वस्तीवर मांडव घातला होता. जात्याला कुंकू लावून, हळकुंडे ओतून सुवासिनी भोवती बसल्या होत्या; पण बसल्या होत्या पाहुण्यांसारख्या, काय गावे ते ठाऊक नसल्याने थोड्या अवघडून. मास्तरांनी जात्याशेजारी पाटावर आनसाबाईच्या ओव्या भरून आणलेले आपले यंत्र ठेवले आणि ध्वनिक्षेपक जोडला. मी त्यांच्या मागे उभा. सरूबाईंच्या हातात जात्याचा खुंटा होता.

आवाज सुरू झाला.

हळकुंडाचा गं रंग, माझ्या जात्याला चढला
लेकीच्या गं हळदीचा, सडा दारात पडला

वस्तीतील वृद्धांनी आवाज ओळखला, कोणीतरी "आनसा!" म्हणून तोंडावर पदर धरला. सरूबाई दळायच्या विसरल्या. पुढे फितीवर एक बारीक, अधीर आवाज आईच्या सुरात सूर मिसळू पाहत होता, बारा वर्षांच्या सरूचा; आणि ती 'सडा अंगणी पडला' म्हणून गेली. जाते थांबल्याचा आवाज आला. मग आनसाबाई, हसत, रागावत:

"आगं, आंगनी नव्हं, दारात! दारातून तर जायची हाये लेक. पुन्यांदा म्हन."

फितीवरची मुलगी पुन्हा म्हणण्याआधीच मांडवातली चाळीस वर्षांची सरू म्हणाली. आणि बरोबर म्हणाली. सडा दारात पडला. खुंटा फिरला. शेजारच्या जावेने तो चरण उचलला, मग दुसरीने, मग ज्यांना सकाळपर्यंत एक ओळ येत नव्हती त्या सगळ्यांनी. आनसाबाई पुढे एक ओवी सांगे आणि मांडव ती मागून घेई, पाठशाळेत गुरूच्या मागून आम्ही घेत असू तशी. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला बायका तिच्या बरोबरीने गाऊ लागल्या. पाचव्याला त्या पुढे होत्या.

मी मास्तरांच्या हाताकडे पाहिले. त्यांचे बोट आवाजाच्या बटणावर होते आणि ते आवाज कमी करीत होते. इतका सावकाश, की मी पाहिले नसते तर मलाही कळले नसते. आनसाबाईचा सूर बायकांच्या सुरात विरत गेला. शेवटी त्यांनी तो पूर्ण बंद केला. कोणाच्याही ध्यानात आले नाही. ओवी चालूच होती, जाते फिरतच होते, पिवळी भुकटी दगडाच्या कडेवरून गळत होती.

एवढ्यात एक ठसकेबाज म्हातारी परात घेऊन आली आणि मास्तरांच्या डोक्यावर उभी राहिली.

"आवं मास्तर, उठा की हितून! बायांच्यात काय काम तुमचं? आन ते तुमचं डबडं घ्या बाजूला, परात ठिवायची हाये."

"घेतो, घेतो, मावशी!" मास्तर लगबगीने उठले. यंत्र काखेत मारून, तारा गळ्यात अडकवून ते मांडवाबाहेर आले, आणि उन्हात उभे राहून मोठमोठ्याने हसत राहिले.